घरगुती कार्यशाळेत वाफेवर चालणारे छोटे जनित्र कसे बांधावे

नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. या लेखात ज्या यंत्राची बांधणी सांगितली आहे ते जेमतेम अर्धा ते पाऊण वॅट वीज देते आणि तेवढ्यावर आठ पांढरे एलईडी उजळतात. इंधन, पाणी, वाफ, फिरणारा दांडा आणि चुंबकाजवळून जाणारी तार ही साखळी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या टेबलावर उभी करता येते, आणि हे यंत्र बांधण्याचे कारण एवढेच आहे. भारनियमनात पंखा चालवणे किंवा वीजबिल कमी करणे हा ज्यांचा हेतू असेल त्यांनी सौर पॅनेल घ्यावे. या यंत्रात जळणाऱ्या गॅसच्या उष्णतेपैकी हजारातील एक भागसुद्धा वीज म्हणून हाती येत नाही.

ही गोष्ट आधीच मान्य करणे आवश्यक आहे, कारण घरगुती वाफयंत्रांतील बहुतेक धोके अधिक वॅट मिळवण्याच्या मोहातून निर्माण होतात. दिवा मंद वाटला की दाब वाढवावासा वाटतो आणि दाब वाढवण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळली जाते. म्हणून येथे कामाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असा ठरवला आहे आणि बाकीची सर्व मापे त्यावरून काढली आहेत. बांधणीचा क्रमही नेहमीच्या उलट ठेवावा. आधी इंजिन तयार करून ते दाबाच्या हवेवर चालवावे, मग त्याला जनित्र जोडून दिवे लावून पाहावेत आणि बॉयलर अगदी शेवटी पेटवावा. असे केल्यास वाफेवरच्या पहिल्या दिवशी लक्ष ठेवण्यासारखी एकच नवी गोष्ट समोर राहते.

हिशेब

इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास १६ मिमी आणि पिस्टनची चाल २० मिमी धरू. पिस्टनच्या एका चालीत सुमारे ४ घन सेंटिमीटर जागा वाफेने भरते. मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे पडले आणि नळीतील घट वजा जाता पिस्टनवर दीड किलोचा सरासरी दाब मिळाला, तर सिलिंडरमध्ये सुमारे ६ वॅट शक्ती निर्माण होते. त्यातील निम्मी घर्षणात जाते. उरलेल्या तीन वॅटपैकी पट्टा, छोट्या मोटरचे बेअरिंग आणि तिची वेटोळी आपापला वाटा घेतात, त्यामुळे दिव्यांपर्यंत एक वॅट पोहोचला तरी काम उत्तम झाले असे समजावे.

दोन किलोच्या दाबाला वाफेचे तापमान सुमारे १३३ अंश असते आणि तिचा एक घनमीटर जेमतेम १.६५ किलो भरतो. त्यावरून सिलिंडरला मिनिटाला ४ ग्रॅम वाफ पुरेल असे दिसते, परंतु थंड धातूवर वाफेचे पाणी होते आणि फटींतूनही ती निसटते. प्रत्यक्षात १० ग्रॅम धरावी. एवढी वाफ करण्यासाठी पाण्याला जवळपास ४४० वॅट उष्णता मिळाली पाहिजे, आणि लहान बॉयलरखाली अर्ध्याहून अधिक आच बाजूने निघून जात असल्यामुळे बर्नर सुमारे १ किलोवॅटचा लागतो. सहलीसाठी मिळणारी लहान गॅस शेगडी एवढी आच सहज देते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. आपल्या यंत्राला याने काही फरक पडत नाही, पण थर्मामीटर लावून पाहणाऱ्याला तो बिघडला असे वाटू नये म्हणून ही नोंद केली.

इंजिन

पहिल्या प्रयत्नासाठी झुलत्या सिलिंडरचे इंजिन घ्यावे. यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका खिळीवर डावी-उजवीकडे झुलतो आणि त्याच्या सपाट बाजूवरील भोक उभ्या ठोकळ्यावरील दोन भोकांसमोर आळीपाळीने येते. त्या दोहोंपैकी एकातून वाफ आत येते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. सिलिंडर गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा आणि ठोकळा पितळेचा असावा. घरी लेथ नसल्यास नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये सिलिंडर, पिस्टन आणि फ्लायव्हील (दांड्यावरचे जड चाक) करून मिळू शकतात. मोठ्या ऑर्डरी सांभाळणारा कारागीर एका नगासाठी मशीन थांबवायला नाखूश असतो, म्हणून मापांसह स्वच्छ चित्र काढून न्यावे आणि घाई करू नये. सिलिंडरचे भोक १६ मिमीच्या रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) पूर्ण करून घ्यावे, कारण नुसत्या ड्रिलने पाडलेले भोक पुरेसे गोल आणि सरळ येत नाही.

भोकांच्या जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नयेत. क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या चालीने दांडा फिरवणाऱ्या भुजेची, त्रिज्या १० मिमी, क्रँकच्या केंद्रापासून झुलण्याच्या खिळीपर्यंतचे अंतर ६० मिमी आणि खिळीपासून सिलिंडरच्या भोकापर्यंतचे अंतर २५ मिमी घेतले, तर ते भोक मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला २५ गुणिले १० भागिले ६०, म्हणजे ४.१७ मिमी सरकते. ठोकळ्यावरील दोन्ही भोके खिळीपासून २५ मिमीच्या कमानीवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४.१७ मिमीवर पाडावीत. सर्व भोकांचा व्यास या आकड्यापेक्षा कमी हवा, नाहीतर सिलिंडर मध्यावर असतानाही दोन्ही वाटा थोड्या उघड्या राहतात आणि वाफ काम न करता थेट बाहेर जाते. ३.५ मिमी व्यास योग्य ठरतो. ही भोके पाडण्यासाठी एका पट्टीचा जिग करून घ्यावा. पट्टीच्या एका टोकाला खिळीचे भोक आणि २५ मिमीवर दुसरे भोक असले की सिलिंडर आणि ठोकळा या दोहोंवर तीच पट्टी वापरता येते आणि अंतरात फरक पडत नाही.

एकमेकांवर घासणाऱ्या दोन सपाट बाजूंवर या इंजिनाचे सगळे यश अवलंबून असते. जाड काचेवर ४०० नंबरचा आणि नंतर ८०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडे तेल टाकून, आठ आकड्यासारख्या फिरकीने दोन्ही बाजू घासाव्यात. एका बाजूला मार्करची शाई लावून दुसरीवर हलकेच फिरवली की उंचवटे दिसून येतात. शाई सर्वत्र सारखी उमटेपर्यंत हे काम चालू ठेवावे. या कामाला तास लागतात आणि ते टाळता येत नाही. खिळीवरील स्प्रिंग साधारण एक किलोच्या जोराने सिलिंडरला ठोकळ्यावर दाबून धरेल अशी निवडावी. सिलिंडरमध्ये पाणी साचले किंवा दाब अचानक वाढला तर सिलिंडर या स्प्रिंगवर क्षणभर उचलला जातो आणि पाणी बाहेर फेकले जाते, म्हणून स्प्रिंगऐवजी नट घट्ट आवळू नये.

पिस्टनला एक खाच करून त्यात व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराची ओ-रिंग बसवावी. नळाच्या दुकानात मिळणारी साधी काळी रिंग या तापमानाला कडक होऊन फुटते. पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या आणि झाकणाच्या मध्ये एक मिलिमीटर जागा राहील असे पाहावे. फ्लायव्हील ९० मिमी व्यासाचे आणि २० मिमी जाडीचे पोलादी घेतले की वजन बरोबर एक किलो भरते. पिस्टनवर एकाच बाजूने वाफ येत असल्यामुळे परतीचा अर्धा फेरा हेच वजन पूर्ण करते.

तयार इंजिन रेग्युलेटर असलेल्या कंप्रेसरवर अर्ध्या किलोच्या हवेपासून सुरू करून हळूहळू दीड-दोन किलोपर्यंत चालवावे. अर्धा किलो हवेवर ते संथपणे फिरत राहिले तर वाफेवरही चालेल. फिरले नाही तर दोष बहुधा सपाट बाजूंत किंवा वाकड्या बसलेल्या क्रँकपिनमध्ये असतो.

जनित्र

१२ व्होल्ट आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांची कायम चुंबकाची छोटी डीसी मोटर उलटी फिरवली की ती जनित्राचे काम करते. तिचे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असते. फ्लायव्हीलच्या कडेला ८८ मिमीची खाच आणि मोटरच्या दांड्यावर २२ मिमीची पुली असेल तर मोटर चौपट वेगाने, म्हणजे २४०० फेऱ्यांनी फिरते आणि भार नसताना साधारण साडेनऊ व्होल्ट मिळतात. पट्टा म्हणून शिलाई मशीनचा गोल पट्टा कापून जोडता येतो, पण तो सैलसर ठेवावा. तीन वॅटच्या इंजिनाला घट्ट पट्ट्याचे घर्षणही जड जाते. सायकलचा जुना डायनमो मोहात पाडतो, परंतु तो फिरवायला बराच जोर लागतो आणि एवढ्या लहान इंजिनाला तो झेपत नाही.

दोन पांढरे एलईडी एकापुढे एक आणि त्यांच्यासोबत १५० ओहमचा रेझिस्टर अशी एक ओळ करावी. प्रत्येक ओळ सुमारे २० मिलिअँपिअर घेते. अशा चार ओळी समांतर जोडून प्रत्येकीला स्वतंत्र बटण दिले तर एकेक ओळ लावताना इंजिनाचा वेग कसा उतरतो आणि आवाज कसा जड होतो हे समजते. भार म्हणजे काय हे मुलांना दाखवण्यासाठी यापेक्षा चांगले साधन मला माहीत नाही. मोटरच्या तारांवर व्होल्टमीटर कायमचा लावून ठेवावा, कारण येथे वेग मोजण्याचेही तेच साधन आहे. या जनित्राची तार घराच्या वायरिंगला कोणत्याही कारणाने जोडू नये.

बॉयलर

सर्वाधिक काळजी येथे घ्यावयाची आहे. प्रेशर कुकरला भोक पाडून नळी बसवण्याचा सोपा वाटणारा मार्ग मी सुचवणार नाही. कुकरची शिट्टी आणि वितळणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह त्या भांड्याच्या मूळ रचनेसाठी आणि सुमारे एक किलोच्या दाबासाठी ठरवलेले असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणात नवे भोक पाडल्यावर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. भांडी बाजारात मिळणारी तांब्याची कळशी किंवा हंडाही चालणार नाही, कारण त्यांचा पत्रा पातळ असतो आणि सांधे दाबासाठी केलेले नसतात.

७६ मिमी बाह्य व्यासाची, १.६ मिमी जाडीची, बिनसांध्याची तांब्याची नळी १५० मिमी लांब कापून घ्यावी. दोन्ही टोकांना ३ मिमी जाड तांब्याच्या तबकड्या बसवाव्यात आणि त्यांचे काठ ८ ते १० मिमी वळवलेले असावेत. काठ वळवण्यासाठी लाकडाचा किंवा लोखंडाचा साचा लागतो आणि ठोकताना तांबे कडक होत जाते, म्हणून दर थोड्या वेळाने ते लालसर तापवून पाण्यात बुडवावे लागते. तसे केल्याने तांबे पुन्हा मऊ होते. जुन्या नाशकातील तांबट लेनचे नावच ज्या कसबावरून पडले आहे ते हेच काम आहे, आणि हातोडा चालवणारा अनुभवी कारागीर भेटला तर तबकड्या त्याच्याकडूनच करून घ्याव्यात.

प्रत्येक तबकडीवर दोन किलोच्या दाबाने एकूण ८० किलोंहून अधिक जोर पडतो. तो पेलण्यासाठी ६ मिमीची फॉस्फर ब्राँझची आडवी सळई बॉयलरच्या मधून एका तबकडीपासून दुसरीपर्यंत न्यावी आणि दोन्ही बाजूंनी डाख देऊन पक्की करावी. सेफ्टी व्हॉल्व्ह, पाणी भरण्याचे तोंड, वाफेची वाट आणि प्रेशर गेज यांसाठी आट्यांचे बुश (हे भाग फिरवून बसवण्याची जाड कडी) वरच्या रेषेवर बसवावेत. एका तबकडीवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीचे दोन बुश द्यावेत. हे सर्व बुश ब्राँझचे किंवा गनमेटलचे असावेत. सतत गरम पाण्यात राहिलेल्या पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि उरतो तो सच्छिद्र, ठिसूळ धातू.

सांधे चांदीच्या डाखानेच करावेत. कथिलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि ज्वाळेजवळच्या सांध्यात त्याला स्थान नाही. एसी दुरुस्तीवाल्यांकडील तांबे-फॉस्फरसची कांडी तांब्याला चांगली धरते, पण गंधकयुक्त ज्वाळेत ती कमजोर होते, म्हणून ४५ टक्के चांदीची कांडी घ्यावी आणि ती कॅडमियमविरहित आहे याची दुकानात खात्री करावी, कारण कॅडमियमचा धूर विषारी असतो. फ्लक्सही, म्हणजे तापताना धातूवर थर चढू न देणारा लेपही, त्याच कांडीसाठीचा हवा. सोनारकामातला नुसता टाकणखार अधिक तापमानाला वितळतो, तोवर तांब्यावर काळा थर चढतो. सर्व बुश आणि एक टोक एका तापवणीत, नंतर दुसरे टोक, असा क्रम ठेवावा. तापवताना किमान एका बुशचे भोक उघडे असलेच पाहिजे, नाहीतर आत कोंडलेली हवा सांधा फोडते. काम पूर्ण थंड झाल्यावर ते लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात ठेवून स्वच्छ करावे आणि प्रत्येक सांध्याभोवती डाखाची अखंड चकचकीत रेषा दिसते का हे भिंगातून पाहावे.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेट बॉयलरवर बसवावा. त्याच्या आणि बॉयलरच्या मध्ये कोणतीही तोटी नसावी. ५ मिमीच्या भोकावर स्टेनलेस स्टीलची गोळी आणि वर स्प्रिंग ही साधी रचना पुरते. प्रेशर गेज ० ते ७ किलोचे असावे आणि ते यू आकाराच्या वाकवलेल्या नळीवर बसवावे, म्हणजे नळीत साचलेले पाणी वाफेला गेजपर्यंत जाऊ देत नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेसाठी एसीला वापरतात ती पाव इंची तांब्याची नळी आणि तिचे फ्लेअर नट उत्तम काम देतात.

पाण्याची दाबचाचणी

बॉयलरची चाचणी हवेने कधीही करू नये. हवा स्प्रिंगसारखी दबून शक्ती साठवते आणि सांधा सुटला तर ती सर्व एका क्षणात मोकळी होते. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून पाण्याने भरलेला सांधा सुटला तर थोडी चिळकांडी उडून दाब शून्यावर येतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि काचनळी काढून त्या जागी बूच लावावेत, आतली हवा पूर्ण निघेल अशा रीतीने बॉयलर काठोकाठ थंड पाण्याने भरावा आणि प्लंबर नळ तपासायला वापरतात तो हातपंप जोडावा. दाब अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवत ४ किलोपर्यंत, म्हणजे कामाच्या दुप्पट, न्यावा आणि अर्धा तास तसाच ठेवावा. काटा खाली येता कामा नये. चाचणीच्या आधी आणि नंतर तबकड्यांची बाहेरची मापे व्हर्नियरने घ्यावीत. तबकडी कायमची फुगली असेल तर तो बॉयलर वापरू नये. थेंब दिसला तर पाणी काढून, वाळवून, सांधा पुन्हा डाखावा आणि चाचणी पहिल्यापासून करावी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे एका आकड्यावरून कळेल. आत ४०० ग्रॅम पाणी १३३ अंशांवर असताना भांडे फुटले तर त्यातील सुमारे २५ ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती ४० लिटरहून अधिक जागा मागते.

कायद्याविषयी थोडक्यात: १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला आणि २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी बॉयलरच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. आपला बॉयलर पाऊण लिटरही नाही. परंतु सूट मिळाली म्हणून कोणी तपासायला येणार नाही, एवढाच तिचा अर्थ आहे आणि तपासण्याचे काम आपल्यावरच येते.

पहिली आग

यंत्र मोकळ्या अंगणात किंवा गच्चीवर, विटांच्या आडोशात मांडावे. फ्लॅटची बाल्कनी यासाठी योग्य नाही. गॅसचा सिलिंडर दोन मीटर तरी दूर असावा. चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय जवळ जाऊ नये, आणि मुलांना विटांच्या पलीकडे उभे करावे.

बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर ४०० मिलिलिटर भरावे. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार तांब्यावर आतून चढतात आणि ते काढण्याची सोय या बॉयलरला नाही. पहिल्या आगीत इंजिनाकडची तोटी बंद ठेवून फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह तपासावा. आठ-दहा मिनिटांत काटा हलू लागेल. दोन किलोवर व्हॉल्व्ह उघडला पाहिजे, आणि बर्नर पूर्ण मोठा असतानाही दाब २.२ किलोच्या वर चढता कामा नये. चढत असेल तर आग लगेच बंद करावी, बॉयलर थंड होऊ द्यावा आणि व्हॉल्व्हचे भोक मोठे करून किंवा स्प्रिंग बदलून चाचणी पुन्हा करावी.

हे समाधानकारक झाल्यावरच इंजिन जोडावे. तोटी थोडी उघडून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवत राहावे. सुरुवातीला बाहेरच्या भोकातून गरम पाणी थुंकल्यासारखे उडते. सिलिंडर तापला की पाणी थांबते, कोरडी वाफ येऊ लागते आणि फ्लायव्हील हात सोडून पळू लागते. सर्व दिव्यांची बटणे बंद ठेवून वेग स्थिर होऊ द्यावा आणि नंतर एकेक ओळ लावावी. वाफेच्या नळीचे एक वेटोळे ज्वाळेच्या कडेवरून नेले तर वाफ आणखी कोरडी होते आणि चौथी ओळही टिकते. सिलिंडरसाठी वाफेच्या इंजिनांचे जाड तेल वापरावे, कारण साधे मशीन ऑइल गरम पाण्याने धुऊन जाते.

काचनळीकडे सतत नजर असावी. मिनिटाला १० ग्रॅमच्या हिशेबाने वीस मिनिटांत निम्मे पाणी संपते आणि तेथेच आग बंद करावी. पाणी संपून तांबे कोरडे तापले असेल तर त्यात पाणी ओतू नये, फक्त आग विझवून दूर व्हावे.

काम संपल्यावर दाब शून्यावर आला की बॉयलर कोमट असतानाच रिकामा करावा आणि तोंड उघडे ठेवून वाळू द्यावा. इंजिनाच्या सपाट बाजूंवर तेलाचा थेंब सोडून ते दोन-चार फेरे हाताने फिरवावे. वर्षातून एकदा, तसेच बॉयलर कधी पडला किंवा कोरडा तापला तर लगेच, पाण्याची चाचणी ३ किलोवर पुन्हा करून तारीख आणि दाब बॉयलरवर बांधलेल्या पितळी पट्टीवर ठशाने उमटवावा.